‘नाइटफॉल इन मिडल-अर्थ’ : विजेच्या गिटारीवरील एक आख्यान

पाश्चात्त्य संगीताचा एक प्रकार असा आहे की, त्याच्याविषयी मत बनविण्यासाठी तो ऐकावा लागत नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. शेजारच्या खोलीचे दार बंद असावे, आत घरातला मुलगा बसलेला असावा, आणि दाराच्या फटीतून ढोलांचा धडधडाट व गिटारीची गुरगुर तेवढी बाहेर यावी, एवढ्यावर निकाल लागतो. ‘हेवी मेटल’ या नावाने ओळखले जाणारे हे संगीत गेली पन्नासहून अधिक वर्षे ‘गोंगाट’ हे निकालपत्र खिशात घालून जगत आले आहे, आणि त्याचे त्याला फारसे वाईटही वाटलेले दिसत नाही. परंतु त्यातील काही कृती अशा आहेत की, हा निकाल त्यांना लावणे हा अन्याय ठरेल. १९९८ साली प्रसिद्ध झालेला ‘नाइटफॉल इन मिडल-अर्थ’ हा अल्बम त्यांपैकी एक होय. ‘मध्यभूमीवर उतरलेली रात्र’ असे त्याच्या नावाचे मराठी करता येईल. तो ‘ब्लाइंड गार्डियन’, म्हणजे ‘आंधळा पहारेकरी’, अशा काहीशा विचित्र नावाच्या एका जर्मन वाद्यवृंदाचा आहे. तासाभराहून थोड्या अधिक अवधीत त्यात एका महाकाव्याएवढी कथा सांगितली आहे; आणि ती कथा विजयाची नाही.

ऱ्हाइन नदीच्या परिसरातील क्रेफेल्ड हे शहर रेशीम आणि मखमल यांच्या विणकामासाठी जर्मनीत फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. याच शहरात १९८४ साली काही तरुणांनी हा वाद्यवृंद उभा केला. त्यांनी प्रथम घेतलेले नाव ‘लुसिफर्स हेरिटेज’, म्हणजे सैतानाचा वारसा, असे होते. नावावरून लोकांचा भलताच समज होऊ लागला, तेव्हा त्यांनी ते टाकून दिले. त्या वयात घेतलेली नावे पुढे बहुधा टाकूनच द्यावी लागतात. १९८८ साली त्यांचा पहिला अल्बम निघाला तो नव्या नावाने. गायक हान्सी क्यूर्श, प्रमुख गिटारवादक आंद्रे ओल्ब्रिख, साथीचा गिटारवादक मार्कुस झीपेन आणि तालवादक थॉमस श्टाउख असे हे चौघे. ‘नाइटफॉल’ हा त्यांचा सहावा अल्बम. ध्वनिमुद्रणावर देखरेख करण्यासाठी डेन्मार्कचे फ्लेमिंग रासमुसेन होते. ‘मेटॅलिका’ या अमेरिकन वाद्यवृंदाचे १९८४ ते १९८८ या काळातील तीन गाजलेले अल्बम ज्यांच्या हाताखालून गेले, तेच हे गृहस्थ.

या चौघांच्या संगीतप्रकाराला ‘पॉवर मेटल’ म्हणतात. हेवी मेटलचे बीज इंग्लंडचे. बर्मिंगहॅमच्या कारखानदारी वस्तीतील ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाने १९७० साली ते पेरले असे मानण्याचा प्रघात आहे. पुढे ‘आयर्न मेडन’सारख्या इंग्रज मंडळींनी दोन गिटारींना एकच धून वेगवेगळ्या स्वरांवरून एकाच वेळी वाजवावयास लावून त्याला नवा डौल दिला. जर्मन लोकांनी त्यात आणखी दोन गोष्टी मिसळल्या. एक म्हणजे वेग, आणि दुसरी म्हणजे शेकडो लोकांनी एका सुरात म्हणावी अशी, प्रार्थनागीताच्या घाटाची ध्रुवपदे. हॅम्बुर्गच्या ‘हेलोवीन’ या वाद्यवृंदाने १९८७ आणि १९८८ साली ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’ या नावाचे दोन भाग काढले, तेव्हापासून हा प्रकार स्वतःच्या पायावर उभा राहिला. वीर, राक्षस, तलवारी, शाप असे विषय त्याला विशेष प्रिय. त्यामुळे त्यात पोरकटपणाही पुष्कळ आहे, हे कबूल केलेच पाहिजे.

आता या संगीतातील ज्या आवाजामुळे दार लावून घ्यावेसे वाटते, तो गिटारीचा आवाज कसा निर्माण होतो, ते पाहण्यासारखे आहे. ध्वनिवर्धकाला त्याच्या कुवतीबाहेर रेटले म्हणजे ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ सुरात नसलेले कितीतरी उपस्वर उत्पन्न होतात. अशा बिघडविलेल्या आवाजात तीन-चार निरनिराळे स्वर एकदम छेडले तर उपस्वरांची एकच गर्दी होऊन सारा चिखल होतो. षड्ज आणि पंचम ही जोडी मात्र त्या चिखलातूनही स्वच्छ वर येते. कारण त्यांच्या कंपनसंख्यांचे प्रमाण दोनास तीन असे सरळ आहे. म्हणून या संगीतातील गिटारवादक बहुतेक वेळ षड्ज-पंचमाची जोडीच वाजवीत असतो. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला निदान हा पाया तरी परका वाटण्याचे कारण नाही. वरचा इमला अर्थातच निराळा आहे. खाली तालवादक दोन्ही पायांनी दोन पट्ट्या दाबून मोठ्या ढोलावर अखंड टोले टाकीत असतो, आणि त्या धावत्या जमिनीवर गायक मात्र लांबलचक, संथ स्वरावली उभारतो. ताल धावतो आणि गाणे चालते. प्रथम ऐकणाऱ्याचा गोंधळ उडतो तो येथेच. त्याचे लक्ष पायांकडे जाते, आणि ते जावयास हवे असते आवाजाकडे.

अल्बमची कथा या वाद्यवृंदाची स्वतःची नव्हे. ती जे. आर. आर. टोल्किन या इंग्रज ग्रंथकाराच्या ‘सिल्मरिलियन’ या ग्रंथातून घेतली आहे. ऑक्सफर्ड येथे प्राचीन इंग्रजीचे अध्यापन करणारे हे विद्वान ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीमुळे जगाला ठाऊक झाले. परंतु त्यांच्या मनाचा खरा ठेवा ‘सिल्मरिलियन’मध्ये होता. पहिल्या महायुद्धात १९१६ साली सोमच्या रणभूमीवर ते लढत होते. खंदकातील ज्वराने आजारी होऊन परत आल्यावर, अंथरुणावर असतानाच, त्यांनी या पुराणातील गोंडोलिन नगरीच्या पतनाची कथा लिहिली. शाळेतील त्यांच्या जिवलग मंडळींपैकी दोघे जण त्या युद्धात कामास आले होते. पुढे जवळजवळ साठ वर्षे ते या कथा लिहीत, पुसत, पुन्हा लिहीत राहिले आणि १९७३ साली निवर्तले तेव्हाही ग्रंथ अपुराच होता. त्यांचे चिरंजीव क्रिस्टोफर यांनी ती हस्तलिखिते जुळवून १९७७ साली तो प्रसिद्ध केला. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आवडलेल्या कित्येक वाचकांनीही हा ग्रंथ अर्ध्यावर ठेवला आहे. त्यात संवाद थोडे, नावे शेकडो, आणि सूर एखाद्या जुन्या बखरीचा. असा ग्रंथ गिटारीवर लावण्याची कल्पना कोणाला सुचेल, असे वाटले नसते.

कथेचे सूत्र एवढेच की, फेआनोर नावाच्या एका एल्फ कारागिराने, म्हणजे अमर मानववंशातील एका अलौकिक शिल्पकाराने, तीन रत्ने घडविली. जगातील आदिप्रकाश त्यांत कोंडलेला होता. मॉर्गोथ या अधःपतित देवतेने, उंगोलियांट नावाच्या राक्षसी कोळिणीच्या साहाय्याने, तो प्रकाश देणारे दोन वृक्ष मारले, फेआनोरच्या वडिलांचा वध केला आणि रत्ने पळविली. टोल्किन हे श्रद्धावान कॅथलिक होते, तेव्हा गर्वाने कोसळलेल्या देवदूताची छाया मॉर्गोथवर पडावी यात नवल नाही. परंतु खरी शोकांतिका त्यानंतर सुरू होते. फेआनोर आणि त्याचे सात मुलगे शपथ घेतात की, ही रत्ने जो कोणी जवळ ठेवील त्याचा, मग तो देव असो, दानव असो वा भाऊबंद असो, आपण पाठलाग करू. या शपथेपायी ते जहाजांसाठी आपल्याच ज्ञातिबांधवांची कत्तल करतात, चुलत्याला आणि त्याच्या लोकांना बर्फाच्या वाळवंटापलीकडे टाकून जहाजे जाळतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या एका गोष्टीतून दुसऱ्या अनर्थात शिरत जातात.

ही कथा ब्लाइंड गार्डियनने सरळ सांगितलेली नाही. अल्बममध्ये एकंदर बावीस तुकडे आहेत. त्यांपैकी अकरा पूर्ण गीते, आणि अकरा छोटे दुवे. त्या दुव्यांत कोठे निवेदन, कोठे संवाद, कोठे नुसता वाऱ्याचा किंवा पाण्याचा आवाज, कोठे काही सेकंदांचे गाणे. निवेदनासाठी नॉर्मन एश्ली आणि डग्लस फील्डिंग या इंग्रज नटांना बोलाविले होते. गीते बहुतेक प्रथमपुरुषी आहेत. एका गीतात फेआनोर बोलतो, दुसऱ्यात त्याचा मुलगा, तिसऱ्यात वैरी. निरनिराळ्या पात्रांच्या मुखी निरनिराळी गीते घालून एक महाकथा उभी करण्याची ही रीत मराठी श्रोत्यांच्या पूर्ण परिचयाची आहे. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून ध्वनिक्षेपित झालेल्या ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीते याच पद्धतीची. गंमत अशी की, आरंभाची युक्तीही तीच. गीतरामायण सुरू होते ते कथेच्या शेवटाकडून, रामासमोर कुश-लव गावयास उभे राहतात तेथून. हा अल्बमही शेवटाकडूनच सुरू होतो. अंतिम युद्ध चालू आहे, मॉर्गोथचा सर्वनाश समोर दिसतो आहे. त्याचा सरदार साउरॉन त्याला पळून जाण्याचा सल्ला देतो, आणि तो त्यालाच दूर पाठवून एकटा मागे राहतो. पुढे जे ऐकू येते ते सारे त्यापूर्वीचे आहे.

या रचनेचा परिणाम मोठा विलक्षण होतो. दुष्टाचा नाश होणार हे श्रोत्याला पहिल्याच दीड-दोन मिनिटांत कळते, पण त्या नाशाची वार्ता ज्यांना हवी होती त्या कोणालाच ती कळत नाही. ते सर्व त्याआधीच्या गीतांत आहेत. तेथे ते शपथा घेतात, गोठतात, साखळदंडात टांगले जातात आणि मरतात. अल्बम संपतो तो मॉर्गोथच्या सर्वांत मोठ्या विजयापाशी. म्हणजे आशा आरंभी देऊन ठेवली आहे आणि शेवटी तिची आठवण ज्याची त्याने ठेवावयाची आहे.

‘नाइटफॉल’ या शीर्षकगीतात प्रकाशाचे वृक्ष मेल्यानंतरची पहिली रात्र आहे. येथे वेगाला आवर घातला आहे. फेआनोर आणि त्याचे मुलगे शोक करीत आहेत, आणि शोक करता करता तो शोक हट्टात कसा पालटत जातो, हे गीताच्या चढत्या रचनेत ऐकावयास मिळते. ध्रुवपद समूहाने गायिले आहे, आणि ते इतके सुरेल आहे की ऐकणारा नकळत त्यात सामील होतो. आपण ज्याच्यात सामील झालो ती एका सर्वनाशी शपथेची पूर्वतयारी होती, हे त्याला पुढच्या गीतात कळते. ‘द कर्स ऑफ फेआनोर’मध्ये तोच माणूस हाताला रक्त लागल्यानंतर बोलतो. आवाज खरखरीत होतो, मधूनच मंदावतो, पुन्हा उसळतो. आपण चुकलो हे त्याला समजते, आणि समजूनही तो थांबत नाही. पश्चात्तापाचे गीत पुष्कळांनी लिहिले असेल. पश्चात्तापाच्या उंबरठ्यावर येऊन मागे फिरणाऱ्याचे गीत विरळा.

‘ब्लड टीअर्स’मध्ये फेआनोरचा वडील मुलगा माएध्रोस बोलतो. मॉर्गोथने त्याला एका मनगटाने कड्यावर टांगून ठेवले होते. ज्या चुलतभावाचे लोक जहाजे जाळून मागे टाकले होते, त्यांच्यातलाच फिंगॉन त्याला सोडवावयास येतो, आणि बेडी तुटत नाही म्हणून त्याचा हात मनगटापासून तोडून त्याला मुक्त करतो. गीताचा आरंभ अगदी मंद, जवळजवळ पुटपुटल्यासारखा आहे. छळ सोसलेला माणूस ओरडत नाही, हे ज्याला उमगले तो गायक खरा.

आणि ‘नोल्डोर’. फिंगोल्फिन आणि त्याचे लोक पायी हेल्काराक्सेचे बर्फ ओलांडतात, त्याचे हे जवळजवळ सात मिनिटांचे गीत. जहाजे जळताना त्यांना दुरून दिसली आहेत. परत जाणे लाजिरवाणे, पुढे जाणे मृत्यूसारखे. गीत ओझे घेतलेल्या माणसासारखे पाय ओढीत चालते आणि लवकर संपत नाही. रेडिओवर लावण्याजोगे ते नव्हे. पण या अल्बमचा चाहता कोणते गीत अधिक मानतो, यावरून तो किती वर्षे अल्बम ऐकीत आला आहे हे ओळखता येते. नवागतास ‘मिरर मिरर’ आवडते. जुन्या श्रोत्यास ‘नोल्डोर’. ‘मिरर मिरर’ हे गोंडोलिन नगरीच्या उभारणीचे, लोकनृत्याच्या ठेक्याची झाक असलेले, झपाट्याचे गीत. वाद्यवृंदाच्या जलशांतून ते आवर्जून वाजते आणि श्रोतृवर्ग ते उभा राहून म्हणतो. त्यात गैर काही नाही; तेही उत्तम गीत आहे.

फिंगोल्फिनचा शेवट ‘टाइम स्टँड्स स्टिल’ या गीतात आहे. आपल्या लोकांचा पाडाव झाला अशा समजुतीने हा राजा एकटा घोड्यावर बसून मॉर्गोथच्या दारी जातो आणि त्याला द्वंद्वास बोलावतो. तो त्याला सात वेळा जखमी करतो आणि अखेर मारला जातो. मरता मरता त्याच्या पायावर घाव घालतो, आणि त्या घावाने ती देवता कायमची लंगडी होते. या गीतातला वेग हा शोभेचा वेग नाही. घोडदौड आहे, आणि घोडदौडीच्या शेवटी काय आहे हे स्वाराला माहीत आहे. ओल्ब्रिखची गिटार येथे गायकाच्या मागून, बाजूने, कधी त्याच्या पुढे जाऊन सारखी बोलत असते. या वादकाची तीच खासियत आहे. इतर ठिकाणी गिटारवादक आपली पाळी येईपर्यंत थांबतो आणि मग मैदान गाजवितो. ओल्ब्रिख सारंगीच्या साथीदारासारखा गाण्याभोवती सतत वावरतो.

हान्सी क्यूर्श यांच्या गाण्याविषयी स्वतंत्रपणे सांगावयास हवे. या अल्बमपर्यंत ते गाण्याबरोबरच खर्जाची, म्हणजे बेस, गिटारही वाजवीत असत. येथे त्यांनी ती खाली ठेवली आणि ओलिव्हर होल्झवार्ट या पाहुण्या वादकाकडे सोपविली. हेतू हा की, सारे बळ आवाजाकडे द्यावे. आवाज जात्या काही फार मुलायम नाही. पण ध्वनिमुद्रणाच्या खोलीत एकाच गायकाचा आवाज निरनिराळ्या स्वरांवर पुन्हा पुन्हा नोंदवून ते थर एकमेकांवर चढविण्याची जी विद्या आहे, तिचा त्यांनी असा उपयोग केला आहे की, एका माणसाचे भांडण एका सैन्याच्या तोंडून ऐकू यावे. ही विद्या त्यांनी ‘क्वीन’ या इंग्रज वाद्यवृंदापासून घेतली; त्यांच्या २००२ सालच्या अल्बमला तर त्यांनी क्वीनच्याच १९७५ सालच्या अल्बमचे ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ हे नाव दिले. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फारोख बुलसारा. हा पारशी मुलगा १९५० नंतरच्या दशकात पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकत होता आणि शाळासोबत्यांच्या वाद्यवृंदात पियानो वाजवीत होता. क्रेफेल्डच्या या समूहस्वरांचा एक दूरचा धागा असा सह्याद्रीच्या माथ्यावरून गेलेला आहे.

दोष नाहीत असे नाही. बावीस तुकड्यांपैकी काही इतके तोकडे आहेत की, श्रोता सावध होईतो ते संपतात. कथेचा क्रमही पुढे-मागे झाला आहे. गोंडोलिनची उभारणी अगोदर ऐकावी लागते आणि बर्फाची वाट नंतर. मूळ ग्रंथ न वाचलेल्यास पात्रे ओळखणे दुरापास्त. आवाजांचे थर काही ठिकाणी इतके दाटले आहेत की, शब्द त्यांत बुडतात. खर्जाची गिटार तर कित्येकदा शोधावी लागते. इंग्रजी ही गीतकाराची मातृभाषा नव्हे, हेही काही ओळींत जाणवते. या सर्वांहून मोठा दोष वेगळाच आहे. आंद्रेआस मार्शाल यांनी रंगविलेल्या मुखचित्रावर लूथिएन ही राजकन्या मॉर्गोथच्या सिंहासनासमोर नाचताना दाखविली आहे. सबंध पुराणात त्याच्या मुकुटातून एक रत्न काढून आणण्याचा पराक्रम घडतो तो तिच्या आणि तिच्या प्रियकराच्या हातून. परंतु आत, तासाभराच्या गाण्यात, तिच्या मुखी एकही गीत नाही. सगळे पुरुषच बोलतात. मुखपृष्ठावर जिला एवढे मानाचे स्थान दिले तिला बोलू दिले असते, तर अल्बम आणखी मोठा झाला असता.

ज्या गीतात तिची कथा येते ते ‘व्हेन सॉरो सँग’ तिच्या प्रियकराच्या, बेरेनच्या, बाजूने सांगितलेले आहे. बेरेन मरतो, लूथिएन मृतांचा न्यायाधीश मांडोस याच्यासमोर जाऊन गाते, आणि कधीच न द्रवलेला तो त्या गाण्याने द्रवतो. येथे सावित्रीची आठवण होणे साहजिक आहे. फरक मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. सावित्री यमाला बोलण्यात जिंकते आणि पतीसह पूर्ण आयुष्य मिळविते. लूथिएन गाण्याने जिंकते, पण त्याचे मोल म्हणून स्वतःचे अमरत्व देऊन टाकते आणि मर्त्य होते. टोल्किन यांना ही कथा सुचली ती १९१७ साली, यॉर्कशायरमधील एका वनराईत त्यांच्या पत्नी एडिथ त्यांच्यासाठी नाचल्या तेव्हा. ऑक्सफर्डजवळच्या वुल्व्हरकोट येथील दफनभूमीत त्या दोघांच्या नावांखाली ‘लूथिएन’ आणि ‘बेरेन’ ही नावे कोरलेली आहेत. जर्मन वाद्यवृंदाने हे गीत अल्बममधील अतिवेगवान गीतांत घातले, याचे प्रथम आश्चर्य वाटते. दोन-तीनदा ऐकल्यावर कळते की, ही घाई मरणाऱ्या माणसाची आहे. त्याला थोडा वेळ उरला आहे आणि सांगावयाचे पुष्कळ आहे.

याच्या थोडे अगोदर ‘दि एल्डार’ येते. येथे गिटारींचा मारा थांबतो आणि ढोलही मागे सरतो. मिखाएल श्युरेन यांचा पियानो आणि क्यूर्श यांचा आवाज, एवढ्यावरच साडेतीन मिनिटांहून थोडे अधिक लांबीचे हे गीत उभे आहे. फिनरॉड हा एल्फ राजा एका युद्धात सापडला असता एका मर्त्य मनुष्याने त्याचे प्राण वाचविले होते. त्या उपकारापोटी त्याने वचन दिले होते की, त्याच्या कुळातल्या कोणावरही संकट आले तर आपण धावून येऊ. पुढे त्या मनुष्याचा मुलगा बेरेन अशक्यप्राय कामगिरीवर निघून त्याच्याकडे येतो. फिनरॉडला शेवट दिसत असतो. तरी तो मुकुट खाली ठेवतो, सोबत जातो, आणि साउरॉनच्या अंधारकोठडीत बेरेनवर धावून आलेल्या लांडग्याला नुसत्या हातांनी आणि दातांनी मारून स्वतः मरतो. गीत त्याच्या निरोपाचे आहे.

अल्बमचा खरा कणा येथे हाती लागतो. दोन शब्द दिले गेले होते. फेआनोरने दिलेला शब्द रत्नांसाठी होता; तो सबंध वाद्यवृंद, सारे ढोल, सारे समूहस्वर घेऊन गर्जत येतो, ऐकणाऱ्यालाही ओढून नेतो, आणि सर्वांना रसातळास पोचवितो. फिनरॉडने दिलेला शब्द एका माणसासाठी होता. तो पाळताना एक पियानो पुरतो. वाद्यांची ही निवड योगायोगाची असेल असे वाटत नाही. ज्यांची सारी हयात मोठ्या आवाजात गेली, त्यांनी सर्वांत मोठ्या माणसासाठी आवाज खाली आणला.

पुढील वर्षांत ब्लाइंड गार्डियनची रचना अधिकाधिक गुंतागुंतीची होत गेली. ती दिशा न पटल्यामुळे तालवादक श्टाउख २००५ साली वाद्यवृंद सोडून गेले. २०१९ साली उरलेल्यांनी गिटारी बाजूला ठेवून सबंध पाश्चात्त्य सिंफनी वाद्यमेळावर एक अल्बम काढला. त्या सर्वांची बीजे ‘नाइटफॉल’मध्ये आहेत; पण वेग आणि शोक येथे जसे एकजीव झाले, तसे पुढे क्वचितच झाले. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे गाजलेले चित्रपट निघण्यास त्या वेळी तीन वर्षे अवकाश होता. म्हणजे टोल्किन यांच्या नावाचा बाजार भरण्यापूर्वीचे हे काम आहे, हेही नोंदवून ठेवावयास हवे.

अखेरीस हूरिन येतो. पाचव्या महायुद्धात एल्फ आणि मानव यांची सेना फितुरीने धुळीस मिळाली आहे. हूरिन एकटा उरून लढला आणि जिवंत पकडला गेला. गोंडोलिनचा ठावठिकाणा त्याने सांगावा म्हणून मॉर्गोथ त्याला शाप देतो आणि पर्वतावर एका आसनात जखडून ठेवतो; तो सांगत नाही. हे सारे एका छोट्या संवादात येते. मग ‘अ डार्क पॅसेज’ हे शेवटचे गीत, मॉर्गोथच्या तोंडी असलेल्या विजयाचे, जड पावलांचे. आणि अगदी शेवटी निवेदक काही वाक्ये बोलतो. त्यांत पराभव सांगितला आहे, आणि नव्या दिवसाचा पुसट उल्लेख आहे.

ज्यांनी हे संगीत पूर्वी कधी ऐकलेले नाही, त्यांनी पहिल्या तुकड्यापासून आरंभ न करणे बरे. सोळावा तुकडा, म्हणजे ‘दि एल्डार’, प्रथम ऐकावा. मग चौथा, म्हणजे ‘नाइटफॉल’, आणि त्यानंतर अकरावा, म्हणजे ‘नोल्डोर’. तेवढ्यावर मन रमले तर एखाद्या सायंकाळी, गीतांचे छापील शब्द समोर ठेवून, पहिल्यापासून सलग ऐकावा. आवाज फार लहान ठेवू नये. खर्जाची गिटार आधीच ऐकू येत नाही.